तांबी बसवायची कुठे? इंग्लंडमधली निधीकपात, आमची मोहीम आणि मदतीची विनंती

मृण्मयी_मिडलंड्स

नमस्कार. धागा थोडा लांब आहे, पण शेवटी मदत मागितली आहे, म्हणून पूर्ण वाचावा ही विनंती.

मी इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका मध्यम शहरात राहते. इथल्या गर्भनिरोधन क्लिनिकला कात्री लागू नये म्हणून मोहीम चालू आहे, तिच्यात मी काम करते. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, प्रस्ताव असा आहे की शहराच्या पूर्वेकडची शाखा बंद करायची, मुख्य क्लिनिकची संध्याकाळची वेळ काढून टाकायची आणि तांबी आणि इम्प्लांटच्या (दंडात कातडीखाली बसवायच्या गर्भनिरोधक कांडीच्या) अपॉइंटमेंट आठवड्यातून दोनच दिवस ठेवायच्या. कागदावर याला 'सेवेची पुनर्रचना' म्हटलंय. कायदा कुणी बदललेला नाही, साधनांवर बंदी आलेली नाही, सगळं पूर्वीसारखंच मोफत आहे. पण जिची शिफ्ट सहाला सुटते तिला जायला क्लिनिक उरणार नाही. उघड बंदीपेक्षा अशी कपात लढायला अवघड, असं मला वाटतं. बंदी आली की लोक रस्त्यावर उतरतात. वेळापत्रकातली एक ओळ गळाली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९६१ मध्ये इथे गोळी आली तेव्हा ती विवाहित बायकांपुरतीच होती. १९७४ पासून एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, गर्भनिरोधक साधनं सगळ्यांना मोफत झाली, वय आणि लग्न न विचारता. एप्रिल २०१३ पासून या क्लिनिकांची जबाबदारी एनएचएसकडून काढून स्थानिक कौन्सिलांकडे दिली गेली. पैसा केंद्र सरकार सार्वजनिक आरोग्य अनुदान म्हणून देतं. मग २०१५ मध्ये चालू वर्षाच्याच अनुदानातून २० कोटी पौंड कापले आणि पुढची कित्येक वर्षं ते घटतच गेलं. महागाई धरून माणशी हिशेब केला तर आज ते २०१५-१६ च्या मानाने सुमारे पाव भाग कमी आहे. याच पैशातून कौन्सिलला व्यसनमुक्ती, तंबाखू सोडवणं, बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर हे सगळं भागवायचं असतं.

आता घोळ बघा. गोळीचे पैसे एनएचएस देतं. पण गोळी लिहून देणाऱ्या त्याच जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात मूल नको म्हणून तांबी किंवा इम्प्लांट बसवलं तर पैसे कौन्सिल देतं. गर्भपात आणि बाळंतपणाचा खर्च पुन्हा एनएचएसचा. हार्मोनवाली तांबी, आपण मिरेना म्हणतो ती, गर्भनिरोधनासाठी बसवली तर कौन्सिलच्या खात्यात आणि पाळीत फार रक्तस्राव होतो म्हणून बसवली तर एनएचएसच्या खात्यात. बाई तीच, तांबी तीच, बसवणारा हातही बऱ्याचदा तोच. त्यामुळे कौन्सिलने इथे पैसे वाचवले आणि नको असलेली गरोदरपणं वाढली, तर तो खर्च कौन्सिलच्या वहीत दिसतच नाही. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता की गर्भनिरोधनावर घातलेला १ पौंड दहा वर्षांत सरकारचे एकूण ९ पौंड वाचवतो. हे ९ पौंड वेगवेगळ्या खात्यांत वाटले जातात, म्हणून कुणालाच ते आपले वाटत नाहीत.

वाचनालयात आम्ही टेबल मांडून बसलो होतो तेव्हा एक पंजाबी बाई आली. ती कपड्यांच्या गोदामात रात्रपाळी करते. फॉर्म तिने हातात घेतलाच नाही. बाही वर सरकवली आणि माझं बोट धरून दंडाच्या आतल्या बाजूला नेलं. कातडीखाली काडेपेटीतल्या काडीएवढं इम्प्लांट हाताला लागलं. त्याची तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती. तिच्या जीपीकडे ते काढणारी नर्स निवृत्त झाली आणि जागा भरली नाही. क्लिनिकच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंट सकाळी खुल्या होतात, तेव्हा ही शिफ्ट संपवून बसमध्ये असते. घरी पोचून बघते तोवर सगळ्या गेलेल्या असतात. "बसवायला सगळे होते, काढायला कुणी नाही," एवढं म्हणून ती शाळेतून मुलाला आणायला निघून गेली.

लढायला आमच्या हातात दोन गोष्टी आहेत. २०१३ च्या नियमांप्रमाणे गर्भनिरोधनाची खुली सेवा देणं कौन्सिलला बंधनकारक आहे. बाई कुठेही राहत असो, जीपीची चिठ्ठी असो-नसो, तिला निरनिराळी साधनं वाजवी सोयीने मिळाली पाहिजेत. आणि २०१० च्या समानता कायद्याचं कलम १४९ सांगतं की निर्णयाआधी त्याचा बायकांवर, अल्पसंख्याकांवर, अपंगांवर काय परिणाम होईल याचा विचार झाला पाहिजे, नंतर सारवासारव म्हणून नव्हे. कौन्सिलने लोकांची मतं मागवली ती फक्त ऑनलाइन आणि फक्त इंग्रजीत. गुरुद्वारा, मंदिर, मशिदीतले महिला गट, शाळांची फाटकं अशा सगळ्या ठिकाणांहून आम्ही सह्या गोळा करून लेखी आक्षेप घेतला, तेव्हा छापील फॉर्म मिळाले आणि मुदतही वाढली.

आता मदत. कौन्सिलच्या आरोग्य छाननी समितीसमोर मला तीन मिनिटं बोलायचं आहे. काय सांगावं, काय गाळावं हे सुचवा. इथल्या मराठी बायकांपर्यंत पोचायला मराठीत एका पानाचं पत्रक हवंय. आणि तुमच्याकडे अशी लढाई झाली असेल तर ती कशी झाली, ते लिहा.

अवधूत७२

विषय कळकळीने मांडलाय. पण समितीतला कुणीतरी विचारेल असा प्रश्न मी आधीच विचारतो. इथली कौन्सिलं खरोखर कंगाल झाली आहेत. बर्मिंगहॅमसारख्या एवढ्या मोठ्या कौन्सिलने २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागत नाही म्हणून हात वरच केले. वृद्धांची देखभाल आणि दिव्यांग मुलांचं शिक्षण टाळता येत नाही. आणि गर्भनिरोधनाला आता दुसरे रस्तेही आहेत. २०२१ पासून डेसोजेस्ट्रेलची, म्हणजे एकाच हार्मोनची, गोळी केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय विकत मिळते. डिसेंबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये फार्मसिस्ट स्वतः एनएचएसची मोफत गोळी सुरू करून देऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून इमर्जन्सी गोळीही फार्मसीत मोफत आहे. मग क्लिनिकची एक शाखा गेली तर एवढं अडतं कुठे? विरोध म्हणून विचारत नाहीये, उत्तर तयार असावं म्हणून विचारतोय.

केशरनभ

अवधूत, प्रश्न रास्त आहे. मी यॉर्कशरमध्ये जीपी आहे, रोज हेच बघते, म्हणून उत्तर मी देते.

फार्मसीची सेवा चांगली आहे, ती वाढायलाच हवी. पण फार्मसी गोळीपाशी थांबते. रोजच्या जगण्यातले विसरणं, उलट्या, प्रवास धरले तर गोळी घेणाऱ्या शंभरातल्या सात ते नऊ जणींना वर्षभरात दिवस जातात. तांबी किंवा इम्प्लांट असेल तर शंभरात एकीलाही नाही. आणि गोळी प्रत्येकीला चालत नाही. दोन हार्मोनांची गोळी उच्च रक्तदाब असेल, अर्धशिशीत डोळ्यांसमोर चमकत असेल, पस्तिशीनंतर सिगारेट चालू असेल तर देत नाहीत.

दोन उदाहरणं समितीला जरूर सांगा. एक, असुरक्षित संबंधानंतर गर्भधारणा टाळायचा सगळ्यात खात्रीचा उपाय गोळी नसून तांब्याची तांबी आहे. ती पाच दिवसांच्या आत बसवावी लागते. आठवड्यातून दोनच दिवस क्लिनिक उघडं असेल तर हे पाच दिवस जातात कुठे? दुसरं, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बाया. या औषधाने पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून २०१८ पासून औषध नियामकाचा नियमच आहे की मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते द्यायचं तर खात्रीचं गर्भनिरोधन चालू हवं. म्हणजे सरकारचा एक हात तिला सांगतो की तांबी किंवा इम्प्लांट हवंच, आणि दुसरा हात ते बसवण्याची जागा बंद करतो.

आमच्यासारख्या दवाखान्यांनी हे काम का सोडलं, तेही सांगते. तांबी बसवायला अर्धा तास खोली लागते, मदतीला दुसरी व्यक्ती लागते, प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि हात चालता ठेवायला ठरावीक प्रमाणात काम करत राहावं लागतं. कौन्सिल जी फी देतं तिच्यात नर्सचा वेळसुद्धा भरून निघत नाही अशी खूप ठिकाणी स्थिती आहे. त्यामुळे एक डॉक्टर निवृत्त झाली की सेवाही तिच्याबरोबर जाते. क्लिनिक बंद झालं तर ज्या नवशिक्यांनी तिथे शिकायचं, त्यांचंही शिकणं बंद होतं. हा फटका चार-पाच वर्षांनी दिसतो, तेव्हा प्रस्तावावर सही करणारे नगरसेवक तिथे नसतात.

गोदाकाठ

मृण्मयीताई, समितीसमोर इतिहास सांगायला वेळ नसेल, पण इथे सांगतेच, कारण तो आपलाही आहे.

लंडनमध्ये हॉलोवेला मेरी स्टोप्स यांनी १७ मार्च १९२१ ला गर्भनिरोधनाचं क्लिनिक उघडलं. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपलं संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव आला, तोही आंबेडकरांच्याच पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. पण मागणी बघा: उपदेश नको, सोयी द्या. आजही तुम्ही तेच मागताय.

कर्व्यांच्या पत्नी मालतीबाईंची आठवणही ठेवायला हवी. उत्पन्नाचा भरवसा नसलेल्या त्या संसाराचा भार बराचसा त्यांच्या कमाईवर होता.

पुढे १९४९ मध्ये आवाबाई वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया काढली. १९५२ साली मुंबईतल्याच परिषदेत इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशनचा जन्म झाला. तिकडे ब्रिटनमध्ये १९३० पासून काम करणारी फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन २०१९ मध्ये पैशाअभावी बंद पडली, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. नव्वदीच्या उंबरठ्यावरची संस्था गेली आणि मराठी वर्तमानपत्रांत माझ्या तरी वाचनात ओळभरही आलं नाही.

टेक्सासकर

आमच्याकडचा अनुभव लिहितो, कारण तुमच्या कौन्सिलला पुढचं चित्र दाखवायला तो उपयोगी पडेल.

टेक्सासने २०११ मध्ये कुटुंब नियोजनाचं बजेट दोनतृतीयांशाने कापलं. हेतू राजकीय होता, गर्भपाताचीही सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहूड या संस्थेला पैसा मिळू नये हा. पण घाव बसला तो सरसकट. ८० हून जास्त क्लिनिक बंद पडली किंवा त्यांनी ही सेवा थांबवली, आणि त्यातल्या बहुतेकांचा प्लॅन्ड पेरेंटहूडशी संबंधही नव्हता. जी टिकली त्यांनी वेळा कमी केल्या, महागडं इम्प्लांट द्यायचं सोडून गोळ्यांवर भागवलं, आणि पूर्वी जे मोफत होतं त्याला पैसे घ्यायला लागली. २०१३ मध्ये विधिमंडळाने पैसा परत आणला. पण नर्सा दुसरीकडे गेल्या होत्या, जागांचे भाडेकरार संपले होते, बायकांना कुठे जायचं ते माहीत नव्हतं. पैसा एका बजेटमध्ये परत येतो, क्लिनिक येत नाही.

याच्या उलट कोलोरॅडो. २००८-०९ पासून एका खासगी देणगीतून तिथल्या क्लिनिकांत तांबी आणि इम्प्लांट मोफत मिळू लागली. काही वर्षांत किशोरवयीन मुलींची बाळंतपणं सुमारे ४० टक्क्यांनी घटली. घट देशभर होती हे खरं, पण तिथली ठळकपणे जास्त होती. देणगी संपल्यावर २०१५ मध्ये विधिमंडळाने पैसे नाकारले. लोकांनी वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा २०१६ मध्ये तरतूद झाली. म्हणजे मोहीम एकदा हरली तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा उभी राहू शकते.

आणि आत्ताचं म्हणाल तर देशाचा कुटुंब नियोजनाचा टायटल टेन कार्यक्रम, ज्याच्यावर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी सही केली होती, त्याचेच पैसे २०२५ मध्ये कित्येक संस्थांचे अडवून ठेवले गेले. आमच्या मराठी मंडळात यावर बोलायला लोक कचरतात. "हा राजकीय विषय आहे" म्हणतात. माझी बायको म्हणते, स्टुडंट व्हिसावर आलेल्या, इन्शुरन्स धड नसलेल्या आपल्याच मुलींना विचारा राजकीय आहे का ते.

नीरजा_अँटवर्प

हे सगळं वाचताना आमच्या शेजारचं गोदाम आठवल्याशिवाय राहिलं नाही. बेल्जियममध्ये खेल नावाचं गाव आहे, अँटवर्प प्रांतात. तिथल्या गोदामात अमेरिकेच्या मदतनिधीतून घेतलेली ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधक साधनं पडून होती. इम्प्लांट, इंजेक्शनं, तांब्या, गोळ्या, बराचसा माल आफ्रिकेतल्या देशांसाठी. २०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था गुंडाळल्यावर तो फ्रान्समध्ये नेऊन जाळायचं ठरलं, आणि त्या जाळण्याला १ लाख ६७ हजार डॉलर खर्च. मुदत संपलेला माल नव्हता हा, काहीची मुदत २०३१ पर्यंत होती. गोदाकाठ यांनी लिहिलेली मुंबईत जन्मलेली फेडरेशन आणि इतर संस्था म्हणाल्या, आम्हाला द्या, वाहतुकीचा खर्च आम्ही करतो. नकार आला.

इथे आणि फ्रान्समध्ये लोक रस्त्यावर आले, खासदारांना पत्रं गेली. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या आमच्या डचभाषक भागात, वापरता येण्याजोगी वैद्यकीय साधनं जाळायला मनाई आहे, तो नियम आंदोलकांनी लावून धरला. सप्टेंबरमध्ये माल नष्ट केल्याची बातमी आली, तेव्हा फ्लेमिश अधिकाऱ्यांनी जाऊन पाहिलं तर माल जागेवर होता. म्हणून मृण्मयी, तू नियमांचं लिहिलंस ते फार पटलं. कंटाळवाणा वाटणारा एखादा नियमच कधीकधी दार उघडं ठेवतो.

ब्रिटननेही २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गर्भनिरोधक पुरवठा कार्यक्रमाची मदत ८५ टक्क्यांनी कापली होती. सुमारे १५ कोटी ४० लाख पौंडांवरून २ कोटी ३० लाखांवर.

सह्यकडा

मला एक खटकतंय ते स्पष्ट लिहिते. कुटुंब नियोजन म्हटलं की माझ्या आईच्या पिढीला आणीबाणी आठवते. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, पण उद्दिष्टं पूर्ण करण्यासाठी माणसं धरून नेली गेली हे खरं आहे. ब्रिटनमध्येही १९७० च्या दशकात काळ्या आणि आशियाई कष्टकरी बायकांना डेपो-प्रोव्हेरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन नीट न सांगता दिलं जातं म्हणून तिथल्या आफ्रिकी-आशियाई स्त्रियांच्या संघटनेने मोहीम काढली होती. मग आज "१ पौंड घाला, ९ वाचवा" असं आपणच म्हणायचं का? पैसे वाचवायचं साधन म्हणून बाईच्या शरीराकडे बघणाऱ्यांच्या हातात आपणच काठी देतोय असं नाही का होत?

मृण्मयी_मिडलंड्स

सह्यकडा, यावर आमच्या गटातही जोरदार वाद झालाय. डेपो-प्रोव्हेराविरुद्धच्या मोहिमेत असलेली एक जमैकन आजी आमच्यात आहे. ती म्हणते, "तेव्हा आम्ही नको म्हणायच्या हक्कासाठी लढलो, आता हवं म्हणायच्या हक्कासाठी, दोन्हीचा दरवाजा एकच आहे." तिच्या आग्रहाने आम्ही मागणीपत्रात पहिलाच मुद्दा काढण्याचा घातला. तांबी किंवा इम्प्लांट काढायची अपॉइंटमेंट कारण न विचारता, बसवण्याच्या अपॉइंटमेंटइतक्याच लवकर मिळाली पाहिजे. वर लिहिलेली ती रात्रपाळीची बाई याच मुद्द्यासाठी आमच्या टेबलाशी आली होती. जिथे काढायची सोय नाही तिथे बसवलेलं साधन ही निवड राहत नाही.

पैशाचा मुद्दा मी बोलेन, पण शेवटी आणि खजिनदारासाठी. सुरुवात बायकांपासून करणार.

अवधूत, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहून घेतलाय. गोळ्या पोस्टाने घरी येतात, हेही कुणीतरी म्हणणार. आमच्याकडे अशा घरांतल्या बाया आहेत जिथे टपाल सासू उघडते. त्यांना बसने पोचता येईल आणि "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते" म्हणता येईल एवढ्या अंतरावर क्लिनिक हवं.

माळावरची_सिस्टर

मी मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. धागा दोनदा वाचला.

आपल्याकडे साधनं कागदावर भरपूर आहेत. २०११ पासून आशाताई निरोध आणि गोळ्या घरपोच देतात. २०१७ पासून तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत आहे, छाया गोळी आहे, तांबी आहे. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बघा, महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळजवळ निम्म्या बायांचं ऑपरेशन झालेलं, आणि देशभरात पुरुषांची नसबंदी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. चोविशी-पंचविशीत दोन लेकरं झाली की ऑपरेशन, मधे अंतर ठेवायची साधनं कमीच.

कारण सांगते. अंतराचा दुसरा डोस तीन महिन्यांनी ठरलेल्या वेळेला लागतो. बाई ऊसतोडीला गेली की डोस चुकतो. ती परत येते तेव्हा कधी इंजेक्शनचा साठा संपलेला असतो. एकदा असं झालं की ती पुन्हा विचारायला येत नाही, सरळ ऑपरेशन करून घेते. तुमच्याकडे शाखा बंद होते, आमच्याकडे कपाट रिकामं असतं. म्हणून मी एवढंच सुचवेन की समितीला "किती बायांना सेवा दिली" हा आकडा विचारू नका. "किती बायांना परत पाठवलं" हा विचारा. हा आकडा कुठेच लिहून ठेवत नाहीत. आम्ही आमच्या उपकेंद्रात साध्या वहीत लिहायला लागलो, आणि तालुक्याच्या बैठकीत ती वही दाखवल्यावर साठ्याबद्दल पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकलं.

लेखाशीर्ष

मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या वित्त विभागात नोकरी करून निवृत्त झालोय. कुठल्या ते लिहीत नाही. काही कामाच्या गोष्टी.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. उत्तराला कामाचे २० दिवस लागतात. "लैंगिक आरोग्यावरचा खर्च" असं विचारू नका, त्यात संसर्ग तपासणीचा आणि गर्भनिरोधनाचा खर्च एकत्र येतो आणि कपात झाकली जाते. गर्भनिरोधनाचा खर्च वेगळा मागा, वर्षवार मागा. जीपींना तांबी-इम्प्लांटसाठी किती फी देतात आणि ती शेवटची कधी वाढवली, हे विचारा. किती दवाखाने हे काम करायचे, आता किती करतात, तेही.

ही सेवा बहुतेक ठिकाणी काही वर्षांच्या कंत्राटावर असते. खरी कपात सार्वजनिक बैठकीत होतच नाही, नव्या कंत्राटाच्या अटींमध्ये होते. कंत्राट कधी संपतंय ते शोधा आणि नवीन अटींचा मसुदा मागा. 'मागणीनुसार', 'उपलब्धतेनुसार' असे शब्द दिसले तर तिथे आठवड्याचे किमान तास आणि जास्तीत जास्त प्रतीक्षा लिहून घ्यायचा आग्रह धरा.

समानता परिणाम अहवालही मागा. पूर्वेकडच्या वस्तीत कोणत्या समाजाच्या बाया राहतात याचा त्यात उल्लेख नसेल, तर तेवढ्या एका मुद्द्यावर निर्णय कोर्टात अडचणीत येऊ शकतो. न्यायालयीन पुनरावलोकनासाठी, म्हणजे निर्णयाला कोर्टात आव्हान द्यायला, निर्णयानंतर लगेच, आणि फार तर तीन महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून वकिलाशी निर्णय होण्याआधीच बोलून ठेवा. धमकी देऊ नका. समितीत "आम्ही अहवालाची वाट पाहतोय" एवढं वाक्य पुरतं, अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ कळतो.

पारिजातक_लंडन

मराठी पत्रक मी करते. त्यात मी हे घालणार आहे, कारण आपल्या बायकांना हेच माहीत नसतं: क्लिनिकला जायला जीपीची चिठ्ठी लागत नाही. दुसऱ्या गावच्या क्लिनिकलाही जाता येतं. डिपेंडंट व्हिसा असो वा स्टुडंट, गर्भनिरोधनाला पैसे पडत नाहीत. नवऱ्याला किंवा घरी काही कळवत नाहीत. दुभाषी मागता येतो, आणि दुभाषी म्हणून घरच्या माणसाला न्यायची गरज नाही. भाषा सोपी ठेवते, 'संततिनियमन' वगैरे शब्द नकोत. तांबी, गोळी, इंजेक्शन, दंडातली कांडी असंच लिहिते.

मृण्मयी_मिडलंड्स

तुम्हा सगळ्यांमुळे तीन मिनिटांचा मसुदा झालाय. समितीत इंग्रजीतच बोलायचं आहे, इथे मराठीत टाकते:

"अध्यक्ष, तुम्ही ज्या दोन दिवसांच्या वेळापत्रकाला मंजुरी देणार आहात, त्यात शुक्रवारी मदत लागणाऱ्या बाईने काय करायचं? इमर्जन्सी तांबीला पाच दिवसांची मुदत असते. फिट्सचं औषध घेणाऱ्या बाईला खात्रीचं साधन वापरा असं सरकारनेच सांगितलंय. जिच्या इम्प्लांटची मुदत संपली तिला ते काढून हवंय. यांतल्या एकीचंही काम फार्मसीत होत नाही. पूर्वेकडच्या शाखेतून किती बायकांना अपॉइंटमेंट न मिळता परत जावं लागलं, याची नोंद तुमच्याकडे आहे का? नसेल, तर मागणी कमी आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आमच्या मागण्या तीन आहेत. संध्याकाळची एक तरी वेळ राहू द्या. बसवण्याइतकीच काढण्याची अपॉइंटमेंट द्या. नव्या कंत्राटात आठवड्याचे किमान तास आकड्यात लिहा. सार्वजनिक पैशाच्या हिशेबानेही हे महाग नाही, १ पौंडामागे ९ पौंड वाचतात, पण ते तुमच्या वहीत दिसत नाहीत म्हणून आम्ही दाखवायला आलो आहोत."

केशरनभ

छान झालंय. वैद्यकीय मुद्दे बरोबर आहेत. फक्त "यांतल्या एकीचंही काम" हे वाक्य म्हटल्यावर थोडं थांबा, म्हणजे फार्मसीचा मुद्दा घेऊन बसलेल्या सदस्याच्या लक्षात येईल. जीपींच्या बाजूने एक पत्र हवं असेल तर तुमच्या भागातल्या स्थानिक वैद्यकीय समितीला लिहा, त्या समित्या जीपींचंच प्रतिनिधित्व करतात. मसुदा मी करून देते.

लेखाशीर्ष

"नोंद आहे का" हा प्रश्न बैठकीच्या आधी लेखीही पाठवा. लेखी प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात येतं, तोंडी प्रश्नाला "नंतर कळवतो" म्हणून वाटेला लावतात. आणि त्या रात्रपाळीच्या बाईंची तयारी असेल तर त्यांचं म्हणणं नाव न घालता एका कागदावर लिहून समितीच्या कागदपत्रांना जोडा. त्यासाठीही मुदत असते, समितीच्या कारकुनाला उद्याच फोन करा.